दूधगंगेकडून दूधबावीकडे

श्रावण लागला की माझ्या पुतण्याचा फोन हमखास येतो. पोरगा गेली काही वर्षे माल्टात नोकरीला आहे. आमच्या बोरगावच्या घरात पृथ्वीचा एक जुना गोल आहे, त्यावर हे माल्टा शोधायला मला भिंग घ्यावे लागले होते. इटलीच्या बुटाच्या टोकाशी सिसिली, आणि सिसिलीच्या खाली भूमध्य समुद्रात हरभऱ्याचे दोन-तीन दाणे सांडल्यासारखे दिसतात, ते माल्टा. "तात्या, यंदा तरी या," तो म्हणतो. "सप्टेंबरात उन्हाळ्याची गर्दी ओसरते, समुद्राचं पाणी अजून कोमट असतं, आणि आठ तारखेला मोठ्या बंदरात होड्यांच्या शर्यती असतात. तुम्हाला आवडेल." मी दरवर्षी म्हणतो, "बघू की रे." आमच्याकडे 'बघू की' या शब्दांचा अर्थ काय होतो, हे कोल्हापुराकडच्या वाचकांना सांगायला नको.

मात्र परवाच्या आश्विनात मी खरोखरच एका बेटावर जाऊन आलो. ते बेट भूमध्य समुद्रातले नव्हे, अरबी समुद्रातले; आणि त्याला विमानही लागले नाही. निपाणीहून घाट उतरून जाणारा एक रस्ता आणि शेवटी घटकाभराची होडी एवढ्यावर भागले. त्याचीच ही हकीकत.

निमित्त झाले आमच्या शेजारच्या मास्तरांचे. मास्तर निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. पण दुसऱ्याचे अज्ञान दिसले की त्यांचा हात अजून खडूसाठी शिवशिवतो. पुतण्याचा फोन चालू होता तेव्हा ते कट्ट्यावर बसून ऐकत होते. मी फोन ठेवताच म्हणाले, "आवो तात्या, त्या माल्टाचं काय घेऊन बसलाय? आपल्या कोल्हापूरचं बी एक बेट होतं की समुद्रात. ते तरी बघितलंय काय?"

मी गप्प बसलो. पन्हाळा किती वेळा पाहिला याचा हिशेब नाही, जोतिबाचे डोंगर किती चढलो त्याचाही नाही. पण वयाची पासष्टी उलटली तरी सिंधुदुर्ग पाहिला नव्हता. दसरा झाला, सोयाबीन घरात आले, ऊसतोडणीला अजून अवकाश होता. अशा मोकळ्या आठवड्यात शेजाऱ्याची जीप ठरवून आम्ही दोघे निघालो.

घरचा आड

निघण्यापूर्वीची एक घरगुती गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती सबंध प्रवासभर माझ्याबरोबर होती. आमच्या परसात एक आड आहे. आजोबांच्या वेळचा, घडीव दगडांनी बांधलेला. नळ आल्यापासून त्याचा रहाट मोडून पडला, तोंडावर पत्रा आला आणि पत्र्यावर अडगळ आली. थोरल्या मुलाच्या मनात दिवाळीनंतर तो बुजवून तिथे गाडीसाठी शेड घालायची आहे. त्यात त्याचे काही चुकते असे नाही. जागा अपुरी आहे, गाडी उन्हात तापते, आणि उघड्या आडाची लहान नातवंडांमुळे धास्ती वाटते. मीही मान डोलावली होती. मुरमाच्या चार ट्रॉल्या सांगूनही ठेवल्या होत्या.

देवगड-निपाणी रस्त्याने निघाले की आमच्या मुलखातल्या नद्या एकामागून एक ओळीने भेटतात. मुरगूडला वेदगंगा, पुढे दूधगंगा, मग राधानगरीकडे भोगावती. आश्विनातल्या सकाळी त्यांच्याइतके सालस दुसरे काही नसते. पाणी निवळलेले, काठावर ओला गाळ, मळीत पुरुषभर वाढलेला ऊस. दूधगंगेच्या पुलावर गाडी आली तेव्हा मास्तर म्हणाले, "आत्ता बघा कशी गरीब गाय दिसतीया. एकोणीस सालची आठवण हाय न्हवं?"

आठवण कशी नसेल? २०१९ च्या ऑगस्टात यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर चढले आणि पुणे-बंगळूर वाहतूक ठप्प झाली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच झाले. त्या दिवसांत नदीकाठची कितीतरी गावे चहूकडून पाण्याने वेढली जाऊन बेटे झाली होती. बेट म्हणजे काय, हे मला कोणत्या पुस्तकाने शिकवलेले नाही; त्या आठ दिवसांनी शिकवले. दारापुढे जिकडे पाहावे तिकडे पाणी, आणि घरात प्यायला घोट नाही. नदीकाठची जॅकवेल बुडाली की पंप बंद, पंप बंद झाला की नळ कोरडे. खासे कोल्हापूर शहरही त्या दोन्ही वेळी कित्येक दिवस टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते.

आमचे घर अंमळ उंचवट्यावर आहे, तिथवर पूर आला नाही. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या आयाबाया घागरी घेऊन परसात येऊन उभ्या राहिल्या. आम्ही पत्रा सरकवला, पोहऱ्याला नवा कासरा बांधला. पाणी उकळून, गाळून आठ दिवस गल्ली जगली. मग पूर ओसरला, नळ आला, पत्रा पुन्हा जागच्या जागी गेला. उपकार विसरायला माणसाला फार दिवस लागत नाहीत. मला पाच-सहा वर्षे पुरली.

एक डोंगर, दोन उतार

राधानगरीला भोगावतीवरचे धरण पाहिल्याशिवाय मास्तर पुढे जाऊ देत नाहीत. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हे काम हाती घेतले, तेव्हा एका संस्थानाने एवढा बांध घालावा हे अनेकांना धाडसाचे वाटले असेल. आज कोल्हापूरकरांना तो जणू डोंगराचाच भाग वाटतो. तिथून दाजीपूरचे रान सुरू होते. पाऊस नुकता मागे हटलेला, सड्यांवर सोनकीची पिवळी फुले, आणि गवत हिरव्याचे पोपटी होऊ लागलेले. गव्याने दर्शन दिले नाही. पण त्याचे खूर रस्त्याकडेच्या चिखलात जागोजाग उमटलेले होते, त्यावर समाधान मानले.

फोंडा घाटाच्या माथ्यावर आम्ही गाडी थांबवून उतरलो. मास्तरांनी एका बाजूला हात केला आणि वर्गात शिकवावे तसे सांगितले, "या अंगाला पडलेला थेंब दूधगंगेनं आपल्या शिवारात येतो, कृष्णेला मिळतो आणि पार बंगालच्या उपसागरात जातो. त्या अंगाला पडलेला एका दिवसात मालवणच्या समुद्रात." मी कितीतरी वेळ त्या धारेवर उभा राहिलो. आपण घाटावरचे आणि ते कोकणातले असा भेद आपण माणसे करतो. ढगाला तो ठाऊक नसतो.

घाट उतरताच हवा बदलली. भात पिवळे होऊन कलले होते, काही ठिकाणी कापणी चालू होती. कणकवली, कसाल मागे टाकून मालवण गाठले तेव्हा उन्हे कलली होती. जेवणाचा प्रश्न नाजूक होता, कारण मास्तर जैन. त्यांना मासळी चालत नाही आणि दिवस मावळल्यावर जेवणही चालत नाही. खाणावळवाल्या मावशींनी तोंड जराही वाकडे न करता घाईने काळ्या वाटाण्याचे सांबारे, भात आणि सोलकढी वाढली. मी सुरमई घेतली. दोघेही तृप्त झालो.

करवीरचे बेट

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर गेलो. पावसाळ्याचे महिने किल्ल्याकडची होडीवाहतूक बंद असते. दर्या शांत झाला की पुन्हा सुरू होते. त्यामुळे होडीवाल्यांच्या अंगात सुट्टीनंतर शाळा उघडल्यासारखा उत्साह होता. किनाऱ्यापासून किल्ला जेमतेम अर्ध्या मैलावर. पाण्याखाली काळे खडक लपलेले असल्यामुळे होडी सरळ जात नाही. वळणे घेत घेत जाते. वाट ठाऊक असलेल्यालाच ती वाट. किल्ल्याचा पहिला पहारा हे खडकच करतात.

या बेटाचे मूळ नाव कुरटे. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी इथे किल्ल्याचा पाया घातला. त्या वेळची पूजा किनाऱ्यावर ज्या खडकापाशी झाली तो मोरयाचा धोंडा आजही दाखवतात. पाऊस संपून समुद्र खुला झाल्यावरचा हा मुहूर्त. बांधणाऱ्याने ऋतू ओळखून धरलेला. हिरोजी इंदुलकरांनी काम पाहिले आणि सुमारे तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. पायाचे दगड शिसे ओतून बसविले असे सांगतात. तट सुमारे दोन मैल लांबीचा, तीस फूट उंच, बारा फूट रुंद, बुरूज चाळीसवर, आतली जागा अठ्ठेचाळीस एकर. एवढे अवाढव्य काम, पण दरवाजा कुठे आहे हे होडी अगदी जवळ जाईपर्यंत कळत नाही. तट नागमोडी वळतो आणि त्या वळणात दार लपलेले आहे.

आता मास्तरांच्या 'आपल्या कोल्हापूरचं बेट' या बोलण्याकडे वळतो. सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या, तेव्हा सिंधुदुर्ग करवीरकरांकडे आला. अठराव्या शतकात मालवणच्या आरमाराचा इंग्रज व्यापाऱ्यांना चांगलाच वचक होता. १७६५ साली इंग्रजांनी किल्ला जिंकला आणि त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असे आपले नाव देऊन टाकले. ते नाव पुरते वर्षभरही टिकले नाही. पुढच्याच वर्षी तह होऊन, पैसे मोजून घेऊन, किल्ला त्यांनी करवीरला परत केला. १८१२ च्या तहाने मात्र मालवण आणि सिंधुदुर्ग कायमचे इंग्रजांकडे गेले. आपल्या डोंगरी मुलखाला असलेली समुद्राची खिडकी त्या दिवशी बंद झाली. तरी एक धागा तुटला नाही. किल्ल्यात शिवराजेश्वराचे देऊळ आहे. ते छत्रपती राजाराम महाराजांनी उभारले असे सांगतात. त्यापुढचा सभामंडप शाहू महाराजांनी १९०६-०७ च्या सुमारास बांधविला. म्हणजे किल्ला हातचा जाऊन जवळजवळ शंभर वर्षे लोटल्यावर, ज्या काळात ते घाटावर धरणाचा विचार करीत होते त्याच काळात!

देवळात गेलो. गाभाऱ्यात थोडा अंधार, समईचा उजेड, आणि महाराजांची बसलेली मूर्ती. आपण शाळेतल्या चित्रांत पाहतो तशी दाढी इथे नाही. डोक्यावरची टोपीही दर्यावरच्या माणसाची. घोड्यावरचे महाराज आपण सर्वत्र पाहतो; खलाशांमध्ये बसलेले महाराज पाहायचे तर इथेच आले पाहिजे. दरवाजाजवळ दोन लहान घुमट्यांत चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे जपून ठेवले आहेत. मास्तर एरवी फार बोलतात, पण तिथे काही बोलले नाहीत.

दूधबाव

मी ज्यासाठी आलो होतो असे आता वाटते, ते त्यापुढे होते. किल्ल्यात गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. तटाच्या पलीकडे मीठच मीठ, लाटेचा फवारा अंगावर येतो, ओठ चाटले तर खारट लागतात. आणि अलीकडे दूध, दही, साखर. नावे ठेवणाऱ्याची तहान किती मोठी असेल ते या नावांवरून कळते. आम्ही दूधगंगेच्या मुलखातली माणसे दूधबावीच्या काठावर उभी राहिलो. घाटावर आणि समुद्रात, दोन्हीकडे माणसाने गोड्या पाण्याला दुधाचेच नाव दिलेले पाहून मन भरून आले.

किल्ल्यात आजही मोजकी कुटुंबे राहतात. एक पोक्त बाई कळशी घेऊन आल्या होत्या. आम्हाला घुटमळताना पाहून त्यांनी विचारले, "खयसून इलास?"

"बोरगावहून. निपाणीजवळ."

"म्हणजे घाटार," त्या म्हणाल्या, आणि दोराने पाणी शेंदून कळशी पुढे केली. "घेवा. गोडा आसा."

मास्तरांनी खिशातून स्वच्छ पांढरा रुमाल काढला, दुहेरी घडी करून तांब्यावर धरला आणि पाणी गाळून घेतले. मग प्याले. प्यायल्यावर तो रुमाल फेकून-झटकून न देता थोड्या पाण्याने धुतला आणि ते पाणी दोराच्या बादलीतून हलकेच विहिरीत परत सोडले. रुमालात अडकलेला सूक्ष्म जीवसुद्धा ज्याच्या त्याच्या घरी परत गेला पाहिजे, असा त्यांच्या घरचा रिवाज आहे. ती बाई हे सारे निरखून पाहत होती. हसेल असे मला वाटले होते. ती म्हणाली, "बरा केलास."

मी विचारले, "मे महिन्यात विहीर आटत नाही?"

"कमी जाता, पण आटणा नाय. म्हाताऱ्यांनी सांगान ठेवल्यानी, लागता तितक्याच काढा. जास्त उपसलास तर खारा येतला."

त्या म्हाताऱ्यांनी भूगर्भशास्त्राचे पुस्तक वाचले नसेल, पण पुस्तकात लिहिले आहे ते हेच. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा किंचित हलके. बेटावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि खाली शिरलेल्या समुद्राच्या पाण्यावर, दुधावर साय धरावी तसा, तरंगत राहतो. समुद्राच्या पातळीच्या वर एक फूट गोडे पाणी साठले, तर त्या भाराने पातळीखाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी राहू शकते, असा ढोबळ हिशेब आहे. हिशेब उलटाही तसाच चालतो. वरचे एक फूट हावरेपणाने उपसले की खालून खारे पाणी चाळीस फूट वर चढू पाहते. साय काढावी तशी बेताने काढली तर ती पुन्हा धरते. ओरबाडली तर खालचे सगळेच नासते.

हे ऐकताना मला पुतण्याच्या माल्टाची आठवण झाली. आमचे बोलणे झाले की तो तिथल्या पाण्याविषयी काही ना काही सांगतो, कारण नळाचे पाणी त्याला अजून रुचत नाही. तिथे बारमाही नदी नाही, तळे नाही. सगळी बेटे मिळून ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडच्या मध्यम तालुक्याहून लहान. माणसे पाच लाखांवर. बेटाच्या पोटात सायीसारखे साठलेले गोडे पाणी, त्यावर सगळा जीव. १५६५ साली तुर्कांनी त्या बेटाला वेढा घातला, तेव्हा शत्रूला पाणी मिळू नये म्हणून राखणदारांनी आपल्याच मार्सा भागातल्या विहिरींत विष कालवून ठेवले होते. तो वेढा ज्या दिवशी उठला तो ८ सप्टेंबर. पुतण्याच्या त्या होड्यांच्या शर्यती त्याच दिवसाच्या. पुढच्या वर्षी त्यांनी व्हॅलेटा ही नवी तटबंदी राजधानी वसवायला घेतली. तट भक्कम झाले, पण पाणी अपुरे. घराघराखाली पावसाचे पाणी साठवायचे हौद खोदावे लागले; आणि १६१५ साली विन्याकूर नावाच्या त्यांच्या प्रमुखाने मैलोगणती दगडी कमानींवरून आणि चरांतून डोंगराकडचे पाणी शहरात आणले, तेव्हा कुठे राजधानीची तहान भागली. आज तिथे पिण्याच्या पाण्याचा मोठा वाटा समुद्राचे पाणी यंत्राने गोडे करून मिळवावा लागतो. पोटातली साय पुरेनाशी झाली, आणि उपशामुळे खारट होऊ लागली, म्हणून.

मराठी मुलखाचा आणि त्या बेटाचा संबंध अगदीच नाही असेही नाही. १८७८ च्या उन्हाळ्यात रशिया आणि तुर्कस्तान यांच्या भांडणात आपलेही बळ दिसावे म्हणून इंग्लंडचे पंतप्रधान डिझरायली यांनी हिंदी फौज जहाजांनी माल्टात नेऊन उतरवली. तिच्यात मुंबई इलाख्याच्या पलटणीही होत्या, आणि त्या पलटणींत आपल्या देशावरची आणि कोकणातली माणसे असत. भूमध्य समुद्राच्या उन्हात तंबू ठोकून बसलेल्या एखाद्या मालवणी शिपायाला तिथले हौदातले पाणी पिताना घरची बाव आठवली नसेल, असे कोणी म्हणू नये.

माल्टाच्या तटबंदीपुढे आपला सिंधुदुर्ग लहान आहे. तिथले बंदर जगाच्या वाटेवरचे, इथे खडकांनी घेरलेली उथळ खाडी. परंतु एका गोष्टीत इथल्या बांधणाऱ्याने बाजी मारली. त्याने आधी पाणी पाहिले आणि मग तट घातला. बेट निवडताना महाराजांनी इथल्या दर्यावर्दी माणसांना विचारून घेतले, अशी परंपरा आहे. ज्या खडकावर गोडे पाणी आहे तोच खडक राज्य सांभाळील, हे शहाणपण त्या निवडीत आहे.

जे टिकते ते

दुपारी तटावरून फिरलो. समुद्राकडच्या बाजूला जागोजाग तटाला लाटांनी खिंडारे पाडली आहेत. शिवकालीन दगड समुद्र अजून रोज तपासून पाहतो. २०२५ साली मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची मालिका युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली, तिच्यात सिंधुदुर्ग आहे आणि आपला पन्हाळाही आहे. आनंदाची गोष्ट आहे. यादीमुळे लोक येतील, पैसा येईल, डागडुजीही होईल. पण तटाच्या पायथ्याशी पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांचा खच पडला होता. तीन गोड्या विहिरींच्या किल्ल्यात माणसे पाणी विकत घेऊन येतात आणि बाटल्या टाकून जातात, याला काय म्हणावे?

समोर किनाऱ्यावर राजकोटला महाराजांचा पुतळा दिसत होता. तिथे डिसेंबर २०२३ मध्ये उभारलेला पुतळा पुढच्या ऑगस्टच्या पावसावाऱ्यात कोसळला. २०२५ मध्ये त्या जागी नवा उभा राहिला. तो दीर्घकाळ उभा राहो. समुद्र मात्र कोणाचीही पदवी पाहत नाही, बांधकाम पाहतो, एवढे या किनाऱ्यावर उभे राहिले की कळते.

शेवटची होडी सुटण्यापूर्वी मी पुन्हा दूधबावीवर गेलो. त्या बाई दारात बसून सूप पाखडत होत्या. "पावसाळ्यात भीती नाही वाटत?" मी विचारले. त्यांनी समुद्राकडे हात केला. "पावसात होडी बंद. मगे आमी आणि ह्यो दर्यो." जरा थांबून पुढे म्हणाल्या, "पाणी आसा घरात, मगे भिया कित्याक?"

घरात पाणी आहे, मग भ्यायचे कशाला? सबंध परतीच्या वाटेवर हे वाक्य माझ्या कानांत घुमत राहिले. घाट चढताना मास्तर डुलक्या घेत होते. मी मनातल्या मनात माझ्या परसातल्या आडावरची अडगळ एकेक करून बाजूला काढीत होतो.

घरी पोचलो त्या रात्री मुलाशी बोललो. तो ऐकून घेतो, तेवढा गुणाचा आहे. म्हणाला, "तात्या, आता पूर आला तर टँकर येतात. आणि शेड घालायची कुठं?" प्रश्न खरा आहे. माझ्याजवळ त्याला तयार उत्तर नव्हते. मी एवढेच म्हणालो की मुरमाच्या ट्रॉल्या थांबव. आडाचा गाळ एकदा काढू, तोंडाला लोखंडी जाळी बसवू, पाणी तपासून घेऊ, आणि मग ठरवू. तो म्हणाला, "बघू की." त्या शब्दांचा अर्थ मी वर सांगितलाच आहे. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहतो तो आडावरचा पत्रा सरकवलेला, आणि थोरली सून आणि नातू आत वाकून पाहत होते. नातवाने एक खडा टाकला. बऱ्याच खालून 'डुबुक' असा आवाज आला.

संध्याकाळी पुतण्याचा फोन आला. मी त्याला सिंधुदुर्गाची सगळी हकीकत सांगितली. तो ऐकत होता आणि त्याच्या बाजूने एक सारखा घोंगावणारा आवाज येत होता. "कसला आवाज रे?" मी विचारले.

"पाऊस, तात्या. चार महिन्यांनी आला. इथली म्हातारी माणसं बाल्कनीत उभी राहून बघतायत नुसती." तिथे उन्हाळा कोरडा जातो आणि आपला पाऊस परतायच्या सुमारास त्यांचा सुरू होतो. तिथल्या भाषेत पाण्याला 'इल्मा' म्हणतात, हेही त्याने सांगितले.

"मग जरा बाहेर जाऊन भिज की," मी म्हणालो. "आणि पुढच्या वर्षी मी येतो."

या वेळी मी 'बघू की' म्हटले नाही, हे त्याच्याही लक्षात आले असावे.